‘अजून नाही’ आणि ‘आता नाही’

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण आपली तक्रार स्वतः सांगत नाही. त्याच्या वतीने आई बोलते, आजी बोलते, क्वचित वडील बोलतात. आणि आपल्या ग्वाल्हेरमध्ये तर ही मंडळी एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी अशा दोन भाषा बोलतात. डॉक्टर ते सारे ऐकतो आणि केसपेपरवर तिसऱ्याच भाषेत, म्हणजे इंग्रजीत, लिहून ठेवतो. या प्रवासात आजाराचे नाव सहसा हरवत नाही. ताप तो ताप आणि खोकला तो खोकला. हरवतो तो काळ. दुखणे केव्हा सुरू झाले, कसे वाढले, मध्ये थांबले होते का, मुलाला जे येत होते ते गेले की जे यायला हवे होते ते आलेच नाही, हे सारे तपशील एखाद्या बारीकशा शब्दावर टांगलेले असतात, आणि नेमका तोच शब्द भाषांतरात गळून पडतो.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा एखाद्या आजाराविषयी लिहावे अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. मी शब्दांविषयी लिहिण्याची परवानगी मागून घेतली. माझ्या हातून पूर्वी घडलेली एक चूक अशाच एका शब्दामुळे घडली होती, आणि ती चारचौघांत सांगण्याइतके वय आता झाले आहे.

शब्दांची सोयरीक

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्यांदा केस लिहायला शिकतो, तेव्हा आपण औषधांच्या आधी शब्दांच्या जोड्या पाठ करतो. ‘सडन ऑनसेट’, ‘ग्रॅज्युअल ऑनसेट’, ‘इन्सिडियस ऑनसेट’, ‘स्टेडी डिक्लाइन’, ‘शार्प राइज’, ‘रॅपिड डिटीरिओरेशन’, ‘मार्क्ड इम्प्रूव्हमेंट’. यांतील प्रत्येक जोडी काळाबरोबर घडणाऱ्या बदलाचे चित्र काढते. बदल किती झाला याबरोबरच तो कोणत्या चालीने झाला, हेही ती सांगते. ‘इन्सिडियस’ या विशेषणाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ दबा धरून बसणे असा आहे. दुखणे कधी शिरले ते घरातल्या कोणालाच सांगता येत नाही, ते दबा धरून बसलेले होते, हा सगळा आशय त्या एका शब्दात येतो.

भाषेचे अभ्यासक अशा जोडीला ‘कोलोकेशन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडला. आपल्या म्हणीतल्या ढवळ्या-पवळ्याला ते ठाऊकच होते. शेजारी बांधले की वाण नाही पण गुण लागतो. मी या प्रकाराला शब्दांची सोयरीक म्हणतो. सोयरीक म्हटली की पसंती-नापसंती आलीच. इंग्रजीत वाढ ‘शार्प’ असते, पण मराठीत ‘धारदार वाढ’ म्हटले तर ऐकणारा चमकतो. आपल्याकडे ताप ‘सडकून’ येतो आणि थंडी ‘कडाक्याची’ पडते. ही विशेषणे एकमेकांच्या घरी जात नाहीत.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली 1987 साली कोबिल्ड हा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष वापरातील लक्षावधी शब्दांचा साठा संगणकावर तपासून तो रचला होता. सिंक्लेअर यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट आपल्या व्यवसायाला फार जवळची आहे. इंग्रजीत ‘सेट इन’ हे क्रियापद बहुधा नको असलेल्या गोष्टींनाच लागते. कुजणे ‘सेट इन’ होते, निराशा होते. आपल्या वॉर्डात शॉक आणि गँग्रीन होतात. आनंदाला हे क्रियापद सहसा कोणी लावत नाही. मराठीतही असेच आहे. ‘बळावणे’ या क्रियापदात बळ आहे, पण बळावतो तो आजार किंवा संशय. प्रकृती कधी बळावत नाही, ती सुधारते. पूर ओसरतो, सूज ओसरते, साथ ओसरते. जखम भरून येते आणि चिघळतेही. तान्हे मूल बाळसे ‘धरते’, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान ‘धरते’, पुढे त्याला बोल ‘फुटतात’. आणि याच ‘धरण्या’च्या विरुद्ध बाजूला ‘टाकणे’ आहे. बाळाने पिणे टाकले, मान टाकली, असे कोणी म्हणत आले की अनुभवी सिस्टर नाव-पत्ता लिहिण्यापूर्वी बाळाला आत घेते. त्या क्रियापदात ‘पूर्वी होते आणि आता गेले’ ही पूर्ण हकीकत सामावलेली आहे, हे तिला शिकवावे लागत नाही.

एक चूक

सन 2002 च्या मार्चमधील गोष्ट. माझा दवाखाना तेव्हा नवा होता. लष्कर भागातल्या एका जुन्या मराठी घरातील आजी, सून आणि दहा महिन्यांचा नातू असे तिघे आले. कुटुंबाची ओळख देत नाही. आजींचे मराठी अस्सल होते. मी मात्र याच शहरात हिंदी शाळेत वाढलेला. सून मुकाट होती, बोलत होत्या त्या आजी. त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, हा आत्ता बसत नाही बघा. आणि फार मलूल असतो.’

मी केसपेपरवर लिहिले, ‘नॉट सिटिंग येट’. खाली निदान लिहिले, विकासात विलंब. मूल फिकट होते, म्हणून लोहाचे औषध दिले. बोटांच्या पेरांवरची त्वचा काळपट होती. ती मी वर्णावर घातली. मालीश करा, बसवण्याचा सराव द्या, काही मुले उशिरा बसतात, काळजी करू नका, असे सांगून मी त्यांना परत पाठवले.

सात आठवड्यांनी ती मंडळी पुन्हा आली तेव्हा मुलाचे हात आणि डोके थरथरत होते. केस विरळ व भुरे झाले होते. समोर खुळखुळा वाजवला तरी नजर तिकडे वळत नव्हती. आजी हताशपणे म्हणाल्या, ‘संक्रांतीला बोरन्हाण केलं तेव्हा कसा खदखदून हसत होता हो! आताशा हसतच नाही.’

‘आताशा’ हा शब्द ऐकून माझ्या मनात लख्ख उजेड पडला. मी विचारले, ‘आजी, बोरन्हाणाला हा बसला होता?’ त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की हे काय विचारणे झाले. मुलाचे वडील घरी जाऊन फोटो घेऊन आले. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून घरंगळणारी बोरे आणि चुरमुरे, आणि मध्यभागी कोणाच्याही आधाराविना पाटावर बसून हसणारे आठ महिन्यांचे गुटगुटीत बाळ. जानेवारीत बसणारे मूल मार्चमध्ये बसेनासे झाले होते. आजींनी तेच सांगितले होते. मी जे लिहिले ते त्यांनी सांगितलेच नव्हते.

असे का झाले? हिंदीतील ‘अभी’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. ‘अभी नहीं आए’ म्हणजे अजून आले नाहीत. ‘अभी नहीं मिल सकते’ म्हणजे आत्ता भेटता येणार नाही. आमच्या घरीही हिंदीच्या संगतीने ‘बाबा आत्ता नाही आले’ असे म्हणण्याची सवय लागली होती, आणि त्याचा अर्थ आम्ही ‘अजून आले नाहीत’ असाच घेत असू. आजींचे ‘आत्ता बसत नाही’ माझ्या कानात ‘अभी नहीं बैठता’ होऊन शिरले आणि लेखणीतून ‘नॉट येट’ होऊन बाहेर पडले. त्यांना म्हणायचे होते, ‘नो लाँगर’. इंग्रजीने या दोन जोड्या अगदी वेगळ्या ठेवल्या आहेत. मराठीनेही ‘अजून नाही’ आणि ‘आता नाही’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आपल्या हाती दिलेले आहेत. भेद बुजला होता तो माझ्या कानात.

वैद्यकशास्त्रात या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘अजून नाही’ म्हणजे विलंब. त्याची कारणे पुष्कळदा जन्माच्या आगेमागे असतात आणि मूल आपल्या गतीने का होईना पुढे जात असते. ‘आता नाही’ म्हणजे मिळवलेले गमावणे, ज्याला आपण ‘रिग्रेशन’ म्हणतो. तेथे काहीतरी आज, या क्षणी बिघडते आहे असे समजून शोध घ्यावा लागतो. त्यातील काही आजार असाध्य आहेत, तर काही थोड्या रुपयांच्या इंजेक्शनने आटोक्यात येणारे आहेत.

या मुलाचा आजार दुसऱ्या प्रकारचा होता. ‘इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम’ या नावाने भारतीय बालरोगतज्ज्ञ तो 1950 च्या दशकापासून ओळखतात. सहा महिने ते दीड वर्षाची, बहुधा केवळ अंगावर पिणारी मुले. फिकटपणा, पेरांवर काळपट त्वचा, विरळ भुरे केस, हरपलेले हसू, मागे गेलेला विकास आणि शेवटी थरथर. याच्या मुळाशी बहुतेक वेळा जीवनसत्त्व ब-12 ची कमतरता आढळते. हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी घरातील सुनेच्या वाट्याला दूध जर केवळ चहापुरते येत असेल, तर तिच्या शरीरातील साठा आटतो आणि तिच्या दुधातून बाळाला ते मिळत नाही. बाळ दिसायला गुबगुबीतही असू शकते, म्हणून फसगत होते. त्या दिवशी त्या मुकाट बसलेल्या सुनेला मी प्रथमच विचारले, ‘तुम्ही दिवसभरात दूध-दही किती घेता?’ तिने सासूबाईंकडे पाहिले आणि मान खाली घातली. उत्तर मिळाले.

ब-12 ची इंजेक्शने सुरू केली. लोह, आहार आणि आईचे उपचारही सुरू केले. काही दिवसांतच बाळ माणसांकडे पाहू लागले, हसू लागले. थरथर जायला काही आठवडे लागले. पुढे ते बसले, चालले. बोलायला मात्र त्याला उशीर झाला आणि शाळेतही पहिली काही वर्षे जड गेली. या आजारात उपचार लांबले तर मेंदूच्या वाढीवर परिणाम राहू शकतो, हे आपण जाणतो. माझ्या त्या सात आठवड्यांचा त्यात किती वाटा होता, हे सांगता येत नाही. वाटा नव्हता असेही मला म्हणता येत नाही.

मी ते सारे आजींना सांगितले. माझी समजण्यात चूक झाली, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी तर मराठीतच सांगितलं होतं.’

ताप उतरला, पण

त्यानंतर मी या जोड्यांकडे अधिक सावधपणे पाहू लागलो. काही जोड्या इतक्या शुभ वाटतात की त्या ऐकल्यावर आपण पुढचा प्रश्नच विचारत नाही. ‘ताप उतरला’ ही त्यांपैकी पहिली. 1868 साली जर्मन वैद्य वुंडरलिख यांनी तापमापकाच्या नोंदींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तापाचे आलेख खाटेपाशी लागू लागले. त्या आलेखांतून शब्दांच्या नव्या जोड्या आल्या. विषमज्वराचा ताप ‘स्टेप-लॅडर’, म्हणजे पायरीपायरीने चढणारा. प्रतिजैविके येण्यापूर्वी न्यूमोनियाचा ताप आठवड्याच्या आसपास एकाएकी कोसळत असे, त्याला ‘क्रायसिस’ म्हणत. हळूहळू उतरणाऱ्या तापाला ‘लायसिस’. आज हे दोन शब्द पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ मावळले आहेत. ताप कोणत्या चालीने उतरतो याकडे पाहण्याची सवय त्यांच्याबरोबर जाऊ नये एवढेच.

कारण पावसाळा संपता संपता आपल्या शहरात डेंग्यू येतो आणि डेंग्यूत ‘ताप उतरला’ या वाक्याचा शेवट पूर्णविरामाने करता येत नाही. या आजारात साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आणि ज्या थोड्या रुग्णांना धोका असतो त्यांचा धोका नेमका तेव्हा सुरू होतो. रक्तातील द्रव वाहिन्यांतून पाझरू लागतो आणि पुढचे 24 ते 48 तास कसोटीचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत याची धोक्याची लक्षणे मांडलेली आहेत. पोट दुखणे, सारखी उलटी होणे, हिरड्या किंवा नाकातून रक्त येणे, सुस्ती किंवा तगमग, रक्त दाट होत जाणे आणि त्याच वेळी प्लेटलेट झपाट्याने कमी होणे.

आई रात्री फोन करते, ‘डॉक्टर, आज पाचवा दिवस, ताप उतरला, आता शांत झोपली आहे.’ या वाक्यात दोन शुभ जोड्या आहेत, ‘ताप उतरला’ आणि ‘शांत झोपली’. मी विचारतो, ‘तिला जागी करा. पाणी मागते का? हातपाय गार आहेत का? लघवी केव्हा झाली?’ ताप उतरून मूल भूक लागली म्हणत असेल, तर आजार खरोखर ओसरतो आहे. ताप उतरला आणि मूलही उतरत चालले असेल, तर रात्रीच रुग्णालय गाठायचे. ‘उतरणे’ हेच क्रियापद तापाला लावले तर दिलासा असतो आणि चेहऱ्याला लावले तर इशारा. आईला दोन्ही दिसत असतात, विचारणारा हवा.

दूध आटते, वाढ खुंटते

याउलट काही जोड्या विनाकारण घाबरवतात. ‘दूध आटले’ ही अशी जोडी आहे. विहीर आटते, ओढा आटतो, तसे दूध आटते. एकदा आटलेली विहीर माणसाच्या हातात नसते, म्हणून हे शब्द कानी पडले की नवी आई धीर सोडते आणि घरात बाटली येते. प्रत्यक्षात अंगावरचे दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळ जितके पिते तितके ते वाढते. मी आईला तिच्याच शब्दांतून समजावतो. ज्या विहिरीचा उपसा चालू असतो तिचे झरे मोकळे राहतात, उपसा थांबला की झरे बुजतात. तेव्हा बाळाला वारंवार पाजा. हे उदाहरण शास्त्राच्या व्याख्यानापेक्षा लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

‘वाढ खुंटली’ ही दुसरी जोडी. मूल दीड वर्षाचे झाले की ही तक्रार हमखास येते. आकडे पाहू. जन्मतः सुमारे तीन किलो असलेले बाळ पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते, म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंच्या आसपास वजन वाढते. दुसऱ्या वर्षात ही भर दोन-अडीच किलोंचीच असते. शरीराची गरज त्या मानाने कमी होते, म्हणून भूकही कमी होते. वाढीचा वेग मंदावलेला असतो. वाढ चालूच असते. इंग्रजीत वेग मंदावणे, वाढ डळमळणे, वाढ थांबणे यांसाठी निरनिराळ्या जोड्या आहेत. मराठीत या साऱ्यांना ‘खुंटणे’ म्हणून टाकले की निरोगी मुलाच्या तोंडात घास कोंबण्याचे युद्ध सुरू होते.

खुंटलेली वाढ ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे, आणि ती आपल्यापासून फार दूर नाही. श्योपूर आणि शिवपुरीच्या सहरिया वस्त्यांतील मुले ज्यांनी पोषण पुनर्वसन केंद्रात पाहिली आहेत, त्यांना हा भेद सांगावा लागत नाही. तेथे मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरतो. म्हणूनच वाढीचा आलेख हवा. नायजेरियातील खेड्यात काम करताना डेव्हिड मोर्ले यांनी आईच्या हाती ठेवण्याजोगा जो साधा आलेख रूढ केला, त्याचे मर्म हेच होते की बिंदू कुठे आहे यापेक्षा रेषा कोणीकडे चालली आहे ते पाहा. आज आपण पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे आणि त्यापुढे भारतीय बालरोग अकादमीचे 2015 चे आलेख वापरतो. एका बिंदूला काळ नसतो. निदान दोन बिंदू जोडावेत तेव्हा ‘पूर्वी’ आणि ‘आता’ यांचे नाते दिसू लागते.

आकड्यांचे सोयरे

हीच गोष्ट समाजाच्या आकड्यांना लागू आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या पाहणीनुसार मध्य प्रदेशात 2005 साली दर हजार जिवंत जन्मांमागे 76 बालके वर्ष पुरे होण्याआधी दगावत; 2020 साली हा आकडा 43 झाला. भाषणात याला ‘लक्षणीय घट’ म्हणतात. ती खरीच आहे आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांचे श्रेय मोठे आहे. पण त्याच वर्षी देशाची सरासरी 28 होती आणि केरळचा आकडा 6 होता, हे शेजारी ठेवले की ‘लक्षणीय’ हे विशेषण पुरेसे वाटत नाही. वयाच्या मानाने खुजी राहिलेली पाच वर्षांखालील मुले मध्य प्रदेशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत 42 टक्के होती, 2019 ते 2021 च्या पाचव्या फेरीत 35.7 टक्के झाली. कोणी याला ‘मोठी सुधारणा’ म्हणेल, कोणी ‘संथ सुधारणा’ म्हणेल. आकडा तोच राहतो. विशेषण बोलणाऱ्याचे असते. आपण डॉक्टरांनी तरी आकड्याबरोबर त्याचे वर्ष आणि शेजारचा आकडा सांगण्याची सवय ठेवावी.

आपल्या हातात काय आहे

ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्या राज्याने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांत बहुतेक पारिभाषिक शब्द इंग्रजीच, फक्त देवनागरीत आहेत, म्हणून पुष्कळांनी थट्टा केली. मला त्यात वावगे वाटत नाही. इंद्रियांची नावे कोणत्याही भाषेत पाठ करता येतात. रुग्णाच्या घरातली क्रियापदे आणि काळ दाखवणारे बारके शब्द मात्र कानानेच शिकावे लागतात, आणि ते कोणत्याही पुस्तकात नसतात.

दौलतराव शिंद्यांच्या लष्कराचा तळ 1810 मध्ये येथे पडला, त्याचेच पुढे लष्कर हे शहर झाले. दोनशेहून अधिक वर्षे आपण हिंदीच्या शेजारी नांदत आहोत. आपल्या बाजारपेठेतली ‘ओळ’ ‘दाना ओली’ झाली आणि मराठी कानाला धान्य भिजल्याचा भास होऊ लागला. याचे दुःख करावे असे मला वाटत नाही. भाषा शेजाराने बदलतातच. पण माझा कान बदलला आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. म्हणून तरुण सहकाऱ्यांना काही गोष्टी सुचवतो.

रुग्णाच्या नातेवाइकाचे मुख्य वाक्य त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, केसपेपरवर लिहावे आणि मग खाली आपले इंग्रजी लिहावे. ‘चालत नाही’, ‘बोलत नाही’, ‘हसत नाही’ असे ऐकले की तेथेच थांबून विचारावे की अजून नाही, की आता नाही? हिंदी बोलणाऱ्या आईला ‘अभी तक नहीं, या पहले करता था और अब नहीं?’ असे पुरे विचारावे. तारखा विचारू नयेत, सण विचारावेत; गणपतीत कसा होता, दिवाळीत काय करत होता, संक्रांतीला बसला होता का. आणि आता तर प्रत्येक आईच्या मोबाइलमध्ये मुलाचे महिन्या-महिन्याचे फोटो असतात. दोन मिनिटे ते पाहावेत. माझ्या दवाखान्यात हे तपासणीइतकेच नित्याचे आहे.

समाजातील आयाबहिणींनाही एक विनंती आहे. डॉक्टर घाईत असला तरी आपले वाक्य अर्ध्यावर सोडू नका. ‘पूर्वी करत होता, आता करत नाही’ हे पूर्ण वाक्य दोनदा सांगा. घरातल्या आजीला बरोबर आणा आणि तिला बोलू द्या. आणि सुनेच्या पेल्यात दूध आहे का, तेवढे पाहा.

तो मुलगा आज तेवीस-चोवीस वर्षांचा आहे. नोकरी करतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याला यातले काही आठवण्याचे कारण नाही. आजी गेल्या. जाण्यापूर्वी एकदा दुसऱ्या पतवंडाला घेऊन त्या माझ्याकडे आल्या होत्या. त्याला तपासणीच्या टेबलावर ठेवत त्या मिस्किलपणे म्हणाल्या, ‘डॉक्टर, लिहून घ्या. हा अजून बसत नाही. अजून. पाचच महिन्यांचा आहे.’

मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले.